नव्या लॅपटॉपच्या टचपॅडवर स्क्रोल करताना पान उड्या मारते आणि आपोआप लहानमोठे होते: टचपॅड बदलून मागावा का?

कोरा कागद (वाई)

सर्वांना नमस्कार.

मी घरून मुद्रितशोधनाचे काम करते. चारशे-पाचशे पानांची पीडीएफ उघडायची आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ती नजरेखालून घालायची, हे माझे रोजचे काम. पान सरकवताना नजर ज्या ओळीवर आहे ती ओळ निसटली, तर ती पुन्हा शोधण्यात वेळ जातोच, शिवाय मधल्या दोन-चार ओळी न वाचताच आपण पुढे गेलो की काय, ही शंका मनात राहते. म्हणून जी तक्रार मी पुढे मांडते आहे ती मला किरकोळ वाटत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी मी नवा लॅपटॉप घेतला. त्यात विंडोज ११ आहे, बॉडी ॲल्युमिनियमची आहे आणि टचपॅड माझ्या जुन्या लॅपटॉपच्या जवळजवळ दुप्पट मोठा आहे. जुना लॅपटॉप प्लॅस्टिकचा होता, तो आठ वर्षे चालला आणि त्याच्या टचपॅडने मला एकदाही त्रास दिला नाही. नव्यावर मात्र पहिल्या दिवसापासून अडचणी आहेत. एक तर दिशा उलटी झाली आहे. पूर्वी दोन बोटे खाली ओढली की मी पुढच्या मजकुराकडे जात असे, आता मागे जाते. दुसरे म्हणजे, बोटे सावकाश आणि सरळ वर नेत असतानाही पान मध्येच अडते, मग एकदम अर्धे पान उडी मारते, कधी दोन ओळी मागे येते. तिसरी गोष्ट सर्वांत त्रासदायक आहे: स्क्रोल करता करता पान आपोआप मोठे किंवा लहान होते. शंभर टक्क्यांवर वाचत असलेला मजकूर क्षणात दीडशे टक्क्यांवर जातो, आणि त्या वेळी माझा हात कंट्रोलच्या कळीच्या जवळपासही नसतो. एका बोटाने पॉइंटर फिरवणे त्या मानाने ठीक आहे. तो क्वचित थरथरतो, इतकेच.

हे सतत होत नाही. एखाद्या दिवशी सकाळभर सुरळीत काम होते आणि दुपारनंतर सगळे बिघडते, एखाद्या दिवशी याच्या उलट होते. याशिवाय, एका प्रकाशकासाठी मला अजून एक फार जुना डीटीपी (पुस्तकाची पाने जुळवण्याचा) प्रोग्राम वापरावा लागतो. त्यात बोटे हळू सरकवली तर पान हलतच नाही आणि जोराने सरकवली तर एकदम पुढे पळते.

सर्व्हिस सेंटरने लॅपटॉप दोन दिवस ठेवून घेतला आणि ‘आमच्याकडे तर व्यवस्थित चालतो आहे’ असे सांगून परत दिला. विंडोज पूर्णपणे नव्याने टाकून पाहा, असेही त्यांनी सुचवले. पण तसे केले तर सगळे फॉन्ट आणि तो जुना प्रोग्राम पुन्हा बसवण्यात माझे दोन दिवस जातील. लॅपटॉप बदलून मागायचा असेल तर माझ्या हातात आणखी नऊ दिवस आहेत. टचपॅड सदोष आहे असे मानून तो बदलून मागावा, की त्याआधी काही तपासून पाहण्यासारखे आहे?


पाटीपेन्सिल (नाशिक)

ताई, तुमच्या प्रश्नात मला एक नव्हे, तीन-चार वेगवेगळे प्रश्न दिसतात, आणि ते सुटे केले नाहीत तर उत्तर सापडणार नाही.

दिशेचा प्रश्न हा बिघाड नाही, ती निवड आहे. पूर्वी बोटाची हालचाल स्क्रोलबारची समजली जात असे. बोट खाली नेले की स्क्रोलबार खाली जाई आणि मजकूर वर. मोबाइलच्या पडद्यावर मात्र आपण कागदच बोटाने ढकलतो. २०११ मध्ये ॲपलने आपल्या मॅक संगणकांवर ही मोबाइलची दिशा मूळ मांडणी म्हणून स्वीकारली, आणि आता अनेक नवे लॅपटॉप त्याच मांडणीत येतात. सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ ॲण्ड डिव्हायसेस, त्यात टचपॅड, आणि त्यात स्क्रोल ॲण्ड झूम हा भाग उघडा. तिथे स्क्रोलिंग डायरेक्शन बदलता येते. विंडोजमध्ये ही निवड फक्त टचपॅडला लागू होते, माउसच्या चाकाला नाही, म्हणून दोन्ही वापरत असाल तर दोन्हींची दिशा एकच आहे ना, हे पाहून घ्या.

त्याच भागात पिंच टू झूम नावाची चौकट आहे. दोन बोटांमधले अंतर वाढले किंवा घटले की पान लहानमोठे करावे, असा तिचा अर्थ. जे प्रोग्राम ही चिमटीची खूण थेट ओळखत नाहीत, त्यांच्याकडे विंडोज ती ‘कंट्रोलची कळ दाबून माउसचे चाक फिरवले’ या रूपात पाठवते; म्हणूनच कळीला हात न लावता पान मोठे होते. तुमची बोटे सरळ जात असतील आणि तरीही चिमटीची खूण पोहोचत असेल, तर दोन बोटांमधले अंतर टचपॅडला चुकीचे कळते आहे, असा त्याचा अर्थ होतो. ती चौकट काही दिवस काढून ठेवा. झूम थांबले आणि धक्के राहिले, तर मूळ कारण सेटिंगच्या खालच्या थरात आहे हे नक्की समजेल.

आणखी एक साधी गोष्ट विचारतो, राग मानू नका. नव्या लॅपटॉपच्या टचपॅडवर कधी कधी पारदर्शक संरक्षक पापुद्रा चिकटवलेला असतो आणि तो इतका नीट बसलेला असतो की महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. त्याच्याखाली हवा किंवा दमटपणा राहिला की बोटाचा माग चुकतो. कोपऱ्यावर नख लावून एकदा खात्री करून घ्या.


चौकट (ठाणे)

मी कार्यालयांतील संगणकांची देखभाल करतो. माझ्या अनुभवात नव्या यंत्रावरील स्क्रोलिंगच्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा ड्रायव्हरमध्ये, म्हणजे टचपॅड आणि विंडोज यांची गाठ घालून देणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये असते, त्यामुळे तिथून सुरुवात करावी असे मला वाटते.

जुन्या लॅपटॉपमध्ये टचपॅड बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर स्वतःच बोटांच्या खुणा ओळखत असे आणि विंडोजला फक्त ‘चाक फिरले’ एवढेच सांगत असे. विंडोज ८.१ पासून, म्हणजे २०१३ पासून, मायक्रोसॉफ्टने प्रिसिजन टचपॅड ही पद्धत आणली. तिच्यात टचपॅड प्रत्येक बोटाची जागा विंडोजला कळवतो आणि ते स्क्रोल आहे, चिमटी आहे की नुसता स्पर्श आहे, हे विंडोज ठरवते. तुमचा टचपॅड याच प्रकारचा असणार. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेस या शीर्षकाखाली एचआयडी कम्प्लायंट टचपॅड आणि आयटूसी एचआयडी डिव्हाइस अशा नोंदी दिसतील. आयटूसीच्या नोंदीवर उजवी क्लिक करून ती अनइन्स्टॉल करावी आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करावा. विंडोज ती स्वतःहून परत बसवते. मधल्या काळात टचपॅड बंद पडेल, म्हणून यूएसबी माउस आधीच जोडून ठेवावा. त्यानंतर लॅपटॉपच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून तुमच्या नेमक्या मॉडेलचे टचपॅड आणि चिपसेट हे दोन ड्रायव्हर घ्यावेत. ‘सर्व ड्रायव्हर आपोआप अद्ययावत करतो’ असे सांगणारे त्रयस्थ प्रोग्राम कृपया वापरू नयेत. त्यांनी चुकीचा ड्रायव्हर बसवलेले संगणक मी बरेच दुरुस्त केले आहेत.

एवढे करूनही फरक पडला नाही, तर माझा स्पष्ट सल्ला असा की मुदत संपण्यापूर्वी बदलून मागावा. नव्या वस्तूवर महिनाभर संशोधन करत बसण्याची जबाबदारी ग्राहकाची नाही.


कोरा कागद (वाई)

दोघांचेही मनापासून आभार. सांगितलेले सर्व केले.

दिशा बदलली, तो प्रश्न मिटला. टचपॅडवर पापुद्रा नाही. पिंच टू झूम काढल्यावर पान लहानमोठे होणे पूर्ण थांबले, परंतु अडणे आणि उड्या मारणे तसेच राहिले; म्हणजे पाटीपेन्सिल यांनी म्हटल्याप्रमाणे कारण खाली कुठेतरी आहे. ड्रायव्हर काढून पुन्हा बसवले, उत्पादकाच्या संकेतस्थळावरचेही घातले. त्यानंतर एक संपूर्ण सकाळ इतकी सुरळीत गेली की प्रश्न सुटला असे मी मुलाला फोन करून सांगितलेदेखील. दुपारी चारच्या सुमारास पुन्हा तेच सुरू झाले. आता माझ्याकडे सात दिवस आहेत.


उबुंटूप्रेमी (कोल्हापूर)

ड्रायव्हर बदलल्यावर सकाळ चांगली गेली म्हणजे ड्रायव्हरमुळेच ती चांगली गेली, असे नाही. आधीही काही सकाळी चांगल्या जात होत्या, हे तुम्हीच पहिल्या पत्रात लिहिले आहे. दोष येतो-जातो तेव्हा प्रत्येक उपाय काही तास लागू पडल्यासारखा वाटतो. म्हणून दोन गोष्टी सुचवतो.

पहिली अशी की दोष विंडोजमध्ये आहे की यंत्रात, हे वेगळे करून घ्या. उबुंटू ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली पेन ड्राइव्हवर घालून लॅपटॉप त्यावरून सुरू करता येतो. काहीही इन्स्टॉल न करता ‘ट्राय उबुंटू’ हा पर्याय निवडला की डिस्कवरच्या तुमच्या मजकुराला हात लागत नाही. तिथे टचपॅडचा कारभार लिबइनपुट नावाची पूर्णपणे वेगळी प्रणाली पाहते. विंडोजच्या ड्रायव्हरशी तिचा काहीही संबंध नाही. दोन्हीकडे तोच त्रास झाला तर ड्रायव्हरवरचा संशय दूर होतो. मात्र एक काळजी अवश्य घ्या. नव्या लॅपटॉपची डिस्क बहुधा कूटबद्ध केलेली असते आणि बायोसमधील (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमधील) सिक्युअर बूट ही सुरक्षेची सोय बंद केली तर पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. उबुंटूसाठी सिक्युअर बूट बंद करण्याची गरज नाही, तेव्हा त्याला हात लावू नका, आणि तरीही ती की आधी आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे एक नोंदवही. त्रास सुरू झाला की वेळ लिहा, बसण्याची जागा लिहा, लॅपटॉप टेबलावर होता की मांडीवर, चार्जर लावलेला होता की नव्हता, बाहेरचा मॉनिटर किंवा प्रिंटर जोडलेला होता का, हात ओले किंवा तेलकट होते का, हे सारे लिहा. त्रास होत नसतानाच्याही तेवढ्याच नोंदी करा. त्या नसतील तर तुलना करायला काहीच उरत नाही. चार दिवस पुरेत.


कोरा कागद (वाई)

चार दिवसांची नोंद झाली, एकूण एकतीस नोंदी. मी ती वही समोर घेऊन बसले आणि एक रकाना पाहून थक्क झाले. त्रासाच्या सतराही नोंदींमध्ये चार्जर लावलेला होता. बॅटरीवर काम करतानाच्या अकरा नोंदींमध्ये एकदाही त्रास नाही. चार्जर लावलेला असूनही नीट चालले अशा तीन नोंदी आहेत, आणि त्या तिन्ही पुण्याच्या आहेत. रविवारी मी बहिणीच्या नव्या इमारतीतल्या फ्लॅटवर गेले होते आणि तिथे दिवसभर चार्जर लावूनच काम केले.

माझी सकाळ चांगली का जाते, हेही त्यावरून कळले. रात्री लॅपटॉप पूर्ण चार्ज करून ठेवते, सकाळी अंगणात बसून बॅटरीवर काम करते आणि दुपारी आत टेबलाशी येऊन चार्जर लावते. ज्या दिवशी रात्री चार्ज करायचे राहते, त्या दिवशी सकाळीच त्रास सुरू होतो.

उबुंटूही मुलाकडून पेन ड्राइव्हवर घेऊन पाहिले. चार्जर लावल्यावर तिथेही पान तसेच अडखळते आणि काढल्यावर लगेच सुरळीत होते. म्हणजे चार्जर सदोष आहे, असे समजायचे का?


निवृत्त वीजतंत्री (सांगली)

नमस्कार ताई. मी वीजजोडणीच्या कामात पस्तीस वर्षे काढली आहेत. संगणकाचे मला फारसे कळत नाही, पण तुमची नोंदवही वाचून जे वाटते ते सविस्तर लिहितो. चार्जरवर दोष ठेवण्यापूर्वी तुमच्या घरातील अर्थिंग तपासून घ्या. पुण्यात तोच चार्जर, तोच लॅपटॉप आणि तीच बोटे होती. बदलला तो फक्त भिंतीतला सॉकेट. सर्व्हिस सेंटरमध्ये लॅपटॉप व्यवस्थित का चालला, याचेही उत्तर बहुधा तेच आहे.

आधी एक प्रयोग करा, त्याला कोणतेही अवजार लागत नाही. चार्जर लावा, त्रास सुरू होऊ द्या, आणि मग डाव्या हाताचा तळवा लॅपटॉपच्या ॲल्युमिनियमच्या बॉडीवर नीट टेकवून उजव्या हाताने स्क्रोल करा. तळवा टेकवल्यावर स्क्रोलिंग सुधारले आणि उचलल्यावर पुन्हा बिघडले, तर माझा अंदाज जवळजवळ पक्का समजा. याशिवाय चार्जर लावलेला असताना बॉडीवरून बोटाचे टोक अगदी हलके फिरवा. धातू गुळगुळीत न लागता खरखरीत किंवा थरथरता लागतो का, ते सांगा.

आता कारण सांगतो. टचपॅडच्या पृष्ठभागाखाली आडव्या-उभ्या सूक्ष्म पट्ट्यांची जाळी असते. बोट जवळ आले की त्या जागची विद्युतधारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) किंचित बदलते, आणि तो बदल मोजून बोट कुठे आहे हे ठरवले जाते. हा बदल फार सूक्ष्म असतो. मोजणी होते ती लॅपटॉपच्या आतल्या शून्य पातळीच्या तुलनेत. बॅटरीवर असताना लॅपटॉप आणि तुमचे शरीर यांच्यामध्ये बाहेरची कोणतीही वीज ढवळाढवळ करत नाही.

चार्जर लावला की चित्र बदलते. चार्जरच्या आत २३० व्होल्टच्या तारांपासून अर्थच्या बाजूला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. चार्जर आपल्या कामात जो उच्च वारंवारतेचा विद्युत गोंगाट निर्माण करतो, त्याला जमिनीत जाण्याची वाट देणे हे त्यांचे काम. तिसरी पिन खरोखर जमिनीपर्यंत पोहोचत असेल, तर तो गोंगाट निमूट निघून जातो. ती वाट बंद असेल, तर लॅपटॉपची संपूर्ण बॉडी जमिनीच्या तुलनेत तरंगती राहते. मीटर लावला तर शंभर व्होल्टच्या आसपासचा दाबही दिसू शकतो. त्यामागे प्रवाह अगदी क्षीण असतो, म्हणून झटका बसत नाही, फक्त झिणझिण्या किंवा ती खरखर जाणवते. तुमचे शरीर मात्र जमिनीशी जोडलेले असते. आता बोट आणि टचपॅड यांच्यामध्ये हा तरंगता दाब आणि चार्जरचा गोंगाट उभा राहतो, आणि तो मूळ सूक्ष्म बदलात मिसळतो. एका बोटाची जागा त्यातूनही सरासरी काढून बरीच नीट कळत असावी. परंतु दोन बोटांमधले अंतर क्षणोक्षणी मोजायचे असेल तर दोन्ही जागांमधली चूक एकत्र येते. अंतर वाढल्यासारखे वाटले की पान मोठे होते, एक बोट उचलल्यासारखे वाटले की स्क्रोल अडते. तळवा बॉडीवर टेकवला की तुमचे शरीर आणि लॅपटॉप एकाच पातळीवर येतात, म्हणून त्रास कमी होतो.

जुना लॅपटॉप याच घरात नीट का चालला, असे तुम्ही विचाराल. त्याची बॉडी प्लॅस्टिकची होती आणि टचपॅड लहान होता. त्याचा चार्जरही वेगळ्या रचनेचा असणार. अर्थिंग तेव्हाही नसेल, ते जाणवत नव्हते इतकेच.

तपासणीचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे असा ठेवा. चार्जरच्या वायरीचे जे टोक ॲडॉप्टरमध्ये जाते ते तीन पाकळ्यांचे आहे की दोन, ते पाहा. दोनच असतील तर त्या चार्जरला अर्थिंगची जोडणीच नाही आणि भिंतीतली दुरुस्ती करून हा त्रास जाणार नाही. तीन असतील, तर मध्ये थ्री पिनचे टू पिन करणारा कन्व्हर्टर लावला आहे का ते पाहा. एक्स्टेन्शन बोर्ड वापरत असाल तर तो काढून थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावून पाहा. स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डांना तीन भोके असतात, पण आत दोनच तारांची वायर असते, हे मी असंख्य वेळा पाहिले आहे. त्यानंतरही त्रास राहिला तर परवानाधारक वायरमनला बोलवा. सॉकेट स्वतः उघडू नका.

वायरमनला एक गोष्ट आवर्जून सांगा. केवळ मल्टिमीटरने फेज आणि अर्थ यांमधला दाब पाहून समाधान मानू नये, कारण जवळजवळ तुटलेल्या अर्थिंगवरही मीटर दोनशेच्या वर आकडा दाखवतो. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये शंभर वॅटचा पिवळा दिवा लावून पाहावा. तो फेज-न्यूट्रलमध्ये लागतो तितकाच प्रखर लागला तर वाट मोकळी आहे, मिणमिणला तर नाही. घरात आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारी कळ) असेल तर या चाचणीत ती पडेल. तसे झाले तरी काही प्रमाणात वाट आहे, एवढे कळतेच. आणि कृपा करून, सॉकेटमध्ये अर्थ आणि न्यूट्रल एकमेकांना जोडून देण्याचा तोडगा कोणी सुचवला तर त्याला ठाम नकार द्या. टचपॅड त्याने कदाचित सुधारेलही, पण कधी न्यूट्रल तुटली तर फ्रिज आणि गीझर यांच्या धातूच्या अंगावर पूर्ण २३० व्होल्ट येतील. माझा तुमच्या टचपॅडपेक्षा अधिक जीव त्या गीझरपाशी अडकला आहे. ज्या घरात लॅपटॉपच्या सॉकेटला अर्थिंग नाही, त्या घरात न्हाणीघरातल्या सॉकेटला ते आहे का, हे आजच पाहायला हवे.


चौकट (ठाणे)

वीजतंत्री यांचे विवेचन मला पटते, आणि मी ड्रायव्हरपाशीच थांबलो ही माझी चूक मी मान्य करतो. चार्जर लावला आहे का, हा प्रश्न मी पहिल्याच उत्तरात विचारायला हवा होता. तरीही एक मुद्दा मांडतो. असा गोंगाट गृहीत धरूनच टचपॅडची चिप बनवलेली असते. एका वारंवारतेवर अडथळा आला तर दुसऱ्या वारंवारतेवर मोजणी करण्याची सोय पुष्कळ चिपमध्ये असते. भारतात असंख्य घरांत अर्थिंग सदोष आहे. तिथे एखादा लॅपटॉप इतका अडखळत असेल, तर तो उत्पादनाचाही उणेपणा आहे. मी ग्राहकाच्या जागी असतो तर तरीही बदलून मागितला असता.


निवृत्त वीजतंत्री (सांगली)

आपले म्हणणे मी खोडून काढत नाही. परंतु बदलून मिळणारा लॅपटॉप त्याच मॉडेलचा असेल आणि तो त्याच सॉकेटला लागेल. आधी सॉकेट, मग निर्णय. मुदतीच्या उरलेल्या दिवसांत दोन्ही होऊ शकते.


कोरा कागद (वाई)

आज सविस्तर लिहिण्यासारखे आहे.

तळव्याचा प्रयोग त्याच रात्री केला. टेकवला की सुरळीत, उचलला की अडखळते. दहा वेळा केले, दहाही वेळा तेच. खरखर तर मला पहिल्या दिवसापासून जाणवत होती, पण ॲल्युमिनियमवर तसा पोत दिलेला असेल असे मी समजत होते. चार्जर काढून बोट फिरवले तेव्हा तीच बॉडी काचेसारखी गुळगुळीत लागली.

चार्जरची वायर तीन पाकळ्यांची आहे. माझ्या टेबलापाशी एक्स्टेन्शन बोर्ड होता. तो काढून थेट भिंतीत लावले तेव्हा काहीच फरक पडला नाही, त्यामुळे क्षणभर निराश झाले. दुसऱ्या दिवशी वायरमन आले. आमचे घर सासऱ्यांनी बांधलेले, वायरिंग दोनदा तुकड्यातुकड्यांनी बदललेले. माझ्या खोलीतला बोर्ड उघडल्यावर हिरवी तार आत दुमडून, टोकाला चिकटपट्टी गुंडाळून ठेवलेली निघाली. मागच्या दुरुस्तीत कोणीतरी ती पुन्हा जोडलीच नव्हती. ती जोडली आणि दिवा लावून पाहिला, तर दिवा अगदी मंद लागला. मग परसातला अर्थिंगचा खड्डा उकरला. त्यातला कोळसा आणि मीठ यांचा मागमूस उरला नव्हता, माती कोरडी ठणठणीत झाली होती आणि पाइपाला जोडलेली तार गंजून एका काडीएवढी राहिली होती. त्यांनी नवा पाइप, नवी तार आणि नवा भराव घालून दिला, पाणी ओतायला तोंड ठेवले, आणि उन्हाळ्यात आठवड्याला एकदा बादलीभर पाणी घालायला सांगितले. एक्स्टेन्शन बोर्डही उघडून दाखवला. आत दोनच तारा होत्या.

काम झाल्यावर दिवा प्रखर लागला. चार्जर लावून बॉडीवर बोट फिरवले, खरखर नाही. त्यानंतर आज तिसरा दिवस आहे. चार्जर सतत लावलेला आहे आणि काल एका बैठकीत एकशे वीस पाने वाचली, एकदाही ओळ निसटली नाही. पिंच टू झूमची चौकटही पुन्हा लावली आहे, आणि पान आपोआप मोठे झालेले नाही. लॅपटॉप मी बदलून मागणार नाही.

वीजतंत्री काका, न्हाणीघरातला सॉकेटही पाहिला. तिथली हिरवी तार जोडलेली होती, पण ती त्याच कोरड्या खड्ड्याकडे जात होती. मुलाने आज ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवण्याचे काम त्याच वायरमनना दिले आहे. ते ऐकल्यापासून टचपॅडच्या तक्रारीचे मला वाईट वाटेनासे झाले आहे.

एकच गोष्ट अजून राहिली आहे. त्या जुन्या डीटीपी प्रोग्राममध्ये पान पूर्वीसारखेच वागते, हळू सरकवले तर हलत नाही. याचाही संबंध अर्थिंगशी आहे का?


पाटीपेन्सिल (नाशिक)

नाही, हा निराळाच प्रश्न आहे आणि तो त्या प्रोग्रामच्या वयाचा आहे. माउसचे चाक एक खाच फिरले की विंडोज प्रोग्रामला १२० हा आकडा पाठवते. जुने प्रोग्राम लिहिले गेले तेव्हा चाके खाचांचीच असत, म्हणून त्यांच्यापैकी कित्येकांनी १२० पेक्षा लहान आकडा येईल असे गृहीतच धरले नाही. प्रिसिजन टचपॅड मात्र बोटाच्या प्रत्येक छोट्या हालचालीला लहान लहान आकडे पाठवतो. नवे प्रोग्राम त्यांची बेरीज करून पान अलगद सरकवतात. तुमचा जुना प्रोग्राम ते सोडून देतो, आणि जोराने सरकवले की १२० च्या पुढचे आकडे एकदम येऊन पान पळते. टचपॅडच्या कोणत्याही सेटिंगने हे पूर्ण दुरुस्त होणार नाही. त्या एका प्रकाशकाच्या कामापुरता खाचांचे चाक असलेला साधा यूएसबी माउस वापरा. आणि टचपॅडची दिशा तुम्ही जुन्या पद्धतीची करून घेतली असल्यामुळे दोन्हींची दिशा आता एकच राहील.